डिग्री किती ते नंतर, आधी मूल बसतं कसं ते बघा

सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं), मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाणं), एसएमए (स्नायूंना हुकूम देणाऱ्या कण्यातल्या नसपेशी मरून स्नायू कमजोर होणं), स्पायना बिफिडा (जन्मतः मणके नीट न मिटणं) अशा आजारांमध्ये पाठीचा कणा वाकतो, त्याबद्दलचे बरेच प्रश्न साचले होते, म्हणून या वेळी तेवढेच घेतलेत. काही पत्रं खूप लांब होती, ती थोडी कापलीत. औषधाचे डोस विचारणाऱ्यांना मात्र इथे उत्तर मिळणार नाही, ते मुलाला तपासल्याशिवाय सांगता येत नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, चालत नाही, मानही नीट सावरत नाही. वर्षभरापासून ती एका बाजूला कलायला लागली. आधी वाटलं दमते म्हणून कलते, पण एक्सरे काढला तर ३८ डिग्रीचा बाक निघाला. घरचे म्हणतात तू तिला कायम एकाच कडेवर घेतलंस, एकाच कुशीवर झोपवलंस, म्हणून झालं. खरंच माझ्यामुळे झालं का? आणि ३८ म्हणजे किती वाईट?
– एक आई

उत्तर: नाही, तुमच्यामुळे नाही झालं. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा हवं तर. कडेवर घेतल्याने कणे वाकत असते तर कडेवर वाढलेलं एकही मूल सरळ राहिलं नसतं.

होतं काय, की मणके एकावर एक रचलेले असले तरी ते आपले आपण उभे राहत नाहीत, त्यांना दोन्ही अंगांचे स्नायू सतत धरून ठेवत असतात आणि त्या स्नायूंना मेंदूकडून हुकूम येत असतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो हुकूमच विस्कळीत येतोय, काही स्नायू ताठ, काही ढिले, त्यात ती दिवसाचा बराच वेळ बसून असते, आणि अर्धवट भरलेलं पोतं उभं ठेवलं की जसं एका अंगाला बसकण मारतं तसं तिचं धड खाली बसत जातं. उंची वाढायला लागली की हे आणखी भराभर होतं. स्वतः चालणाऱ्या सीपीच्या मुलांमध्ये हा त्रास बराच कमी दिसतो, ज्यांना मानसुद्धा सावरत नाही त्यांच्यात सगळ्यात जास्त.

आता ३८ चं. हा कोन मोजायची पद्धत जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडली, म्हणून रिपोर्टमध्ये कॉब अँगल असं लिहिलेलं असतं. १० च्या वर गेलं की स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा एका बाजूला बाक, म्हणायचं. पण याच मोजणीत ५ डिग्रीचा फरक सहज पडतो, दोन डॉक्टरांनी एकच फिल्म मोजली तरी पडतो, म्हणून मागच्या वेळी ३५ होता आणि आता ३८ झाला एवढ्यावर घाबरून जाऊ नका. आणि आडवं झोपवून काढलेला एक्सरे बसवून काढलेल्याशी कधीच ताडून बघू नका. झोपल्यावर वजन उतरतं, बाक कमी दिसतो. दर वेळी बसवूनच काढायला सांगा, आणि तसाच काढलाय हे फिल्मवर लिहून घ्या.

डिग्रीपेक्षा मला तुमच्याकडून दुसरंच काहीतरी हवंय. तिला कडक बाकावर बसवा, मागून कुणीतरी धरायचं, तुम्ही समोर खाली बसा आणि तिच्या कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर आपले दोन अंगठे ठेवा. अंगठे एका रेषेत आहेत की एक वर एक खाली? एक खाली असेल तर तिचं सगळं वजन त्याच बाजूच्या बैठकीवर, म्हणजे कुल्ल्यावर, पडतंय. मग ज्या बाजूला ती कलते तिथे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोटं घालून बघा. चार बोटं आरामात जातात, दोन जातात, की बरगडी हाडाला टेकायलाच आलीय? टेकत असेल तर ती जेवताना रडते का, हे पण आठवून बघा. संध्याकाळी कपडे बदलताना एका बाजूच्या बैठकीवर लाल चट्टा दिसतो का आणि तो अर्ध्या तासात जातो का, हेही. या गोष्टी दर महिन्याला तारीख टाकून वहीत लिहा. ती वही घेऊन गेलात तर ओपीडीतल्या पाच मिनिटांचं सोनं होईल.

नऊ वर्षं म्हणजे वाढीचा मोठा झपाटा अजून यायचाय, त्यामुळे दर सहा महिन्यांनी फिल्म हवीच, आणि त्याच वेळी खुब्यांचाही एक्सरे काढून घ्या. सीपीमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू निसटतो आणि कंबर तिरकी होण्यात त्याचाही हात असू शकतो, तो राहून गेला आणि नुसत्या पाठीवरच सगळे बोलत बसले असं फार वेळा होतं. तोवर तिची खुर्ची नीट करा: आधी कंबर सरळ बसेल अशी बैठक आणि तिरपा पट्टा, मग धडाला दोन्ही बाजूंनी आधार, एका बाजूचा काखेखाली थोडा वर, दुसऱ्या बाजूचा बाकाच्या फुगीर भागावर, आणि शेवटी डोक्याचं टेकण. क्रम हाच. कंबर तिरकी ठेवून वरून कितीही उशा कोंबल्या तरी दहा मिनिटांत ती पुन्हा घसरते, हे तुम्ही रोज बघतच असाल.

प्रश्न: व्यायामाने आणि मणके बसवून ६० डिग्रीचा बाक सरळ होतो असे व्हिडिओ येतात. मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. करून बघायला काय हरकत आहे?
– एक काका

उत्तर: हरकत आहे. स्नायूंच्या किंवा नसांच्या आजाराने आलेला बाक कुठल्याही व्यायामाने सरळ होत नाही, आणि अशा मुलांची हाडं बऱ्याचदा ठिसूळ असतात, त्यात कुणी जोर लावून मणके ‘बसवायला’ गेलं तर फ्रॅक्चर व्हायचं. फिजिओथेरपी जरूर चालू ठेवा, पण कशासाठी ते डोक्यात पक्कं असू द्या: सांधे आखडू नयेत, छाती मोकळी राहावी, खोकला निघावा, बसायला सोपं जावं म्हणून. ती बाक घालवते असं जो सांगतो त्याला आधीचे आणि नंतरचे बसून काढलेले एक्सरे मागा. बहुतेकदा तिथेच बोलणं संपतं.

प्रश्न: मुलगा ४ वर्षांचा, एसएमए टाइप २. दर चार महिन्यांनी पाठीतून इंजेक्शन चालू आहे, हात चांगले चालायला लागलेत. तरी पाठ वाकतेय, ४५ डिग्री झालीय. ब्रेस (धडाला बाहेरून धरून ठेवणारा कडक पट्टा) दिलाय पण घातला की धापा टाकतो. एक डॉक्टर म्हणतात ब्रेस घालाच, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून कण्याला धातूचे रॉड टाकू. एवढ्या लहान मुलाला रॉड?
– आईबाबा

उत्तर: आधी एक गैरसमज काढू. नुसिनर्सेन, म्हणजे तुमचं पाठीतून द्यायचं इंजेक्शन, २०१६ च्या शेवटी आलं, मग २०१९ मध्ये एकदाच द्यायची जीन थेरपी, २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं रिसडिप्लाम, आणि या औषधांनी एसएमएचं चित्र खरोखर बदललं, जी मुलं बसायची नाहीत ती बसायला लागली. पण बसायला लागली म्हणजे कण्यावर वजन यायला लागलं, आणि धडाचे स्नायू अजून तेवढे भक्कम नाहीत. म्हणून औषध लागू पडत असूनही पाठ वाकते. औषध फेल गेलं असा अर्थ काढू नका.

ब्रेसबद्दल डॉक्टर दोन तोंडांनी बोलतात कारण दोघांच्या मनातलं काम वेगळं असतं. वाढत्या वयातल्या इतर धडधाकट मुलींना जो ब्रेस देतात तो बाक रोखण्यासाठी. तुमच्या मुलाला दिलेला ब्रेस बाक थांबवेल अशी आशा ठेवू नका, फार तर वाढ थोडी रेंगाळेल. त्याचं खरं काम म्हणजे तो घातला की मुलगा सरळ बसून दोन्ही हात मोकळे ठेवून खेळू शकतो. हे काम तो करत असेल तर घाला, दिवसातले काही तास, झोपताना नाही. करत नसेल तर कपाटात ठेवण्यापेक्षा परत नेऊन बदलून आणा. धाप लागतेय त्याचं कारण बहुधा हे असणार: एसएमएच्या मुलांच्या बरगड्यांमधले स्नायू कमजोर असतात, श्वास जवळजवळ सगळा पोटाने चालतो, आणि ब्रेसने पोटच दाबून धरलं. पोटाच्या जागी मोठी खिडकी कापलेला, मऊ अस्तराचा ब्रेस बनवायला सांगा. घालून बसवा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून, श्वास मोजून बघा, मगच ताब्यात घ्या.

आणि रॉड. इतक्या लहान वयात सगळा कणा कायमचा जोडून टाकायचा नसतो, कारण तसं केलं की छातीचा पिंजरा तेवढाच राहतो आणि फुप्फुसांना वाढायला जागा मिळत नाही. म्हणून वाढणारे रॉड टाकतात. वर आणि खाली पक्के, मधे लांब करता येणारे. जुन्या प्रकारात साधारण सहा महिन्यांनी छोटं ऑपरेशन करून ते लांब करायचे, नव्या प्रकारात बाहेरून चुंबक धरून ओपीडीत लांब करतात. यात ऑपरेशनं एकापेक्षा जास्त होतात, इन्फेक्शन, स्क्रू सुटणं हेही होतं, हे आधीच मान्य करून उतरायचं. ४५ हा आकडा आहे म्हणून लगेच उद्याच करायला हवं असं नाही, पण बसवून काढलेल्या दोन फिल्ममध्ये झपाट्याने वाढ दिसत असेल, बरगड्या एका बाजूला मिटत चालल्या असतील, तर मीही दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने झुकेन. एक गोष्ट सर्जनला आधीच सांगून ठेवा: इंजेक्शन पाठीतून जातं, तर कमरेच्या मणक्यांमध्ये सुई जायला जागा मोकळी ठेवा. नंतर आठवण झाली तर ती जागा शोधत बसावं लागतं.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, डुशेन (मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक प्रकार). आठ महिन्यांपूर्वी चालणं बंद झालं. डॉक्टर स्टिरॉइड चालूच ठेवा म्हणतात. आम्हाला वाटतं आता चालतच नाही तर कशाला, वजन वाढलंय, चेहरा सुजलाय, चिडचिड करतो. बाक सध्या २२ डिग्री आहे. ब्रेस घेऊ का? ऑपरेशन ५० झाल्यावर बघू असं ठरवलंय.
– बाबा

उत्तर: तीन गोष्टी विचारल्यात, तिन्हीवर माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

स्टिरॉइड फक्त पायांसाठी नसतं. ते सुरू होण्याआधीच्या काळात डुशेनची बहुतेक मुलं खुर्चीत बसली की पाठ वाकून ऑपरेशनपर्यंत जायची, स्टिरॉइडवर असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण खूप खाली आलं. हातांची ताकद आणि फुप्फुसंही त्याने जास्त दिवस टिकतात. वजन, चेहरा, चिडचिड हे सगळं खरं आहे आणि त्यावर डॉक्टरांशी डोस कमी करण्याबद्दल, औषध बदलण्याबद्दल भांडा, पण घरच्या घरी बंद करू नका. एवढ्या वर्षांनी अचानक बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होत नसतं, उलट्या, बीपी पडणं, जिवावर बेतू शकतं. दुसरी बाजूही सांगतो, स्टिरॉइडने मणके ठिसूळ होतात, तेव्हा अचानक पाठ दुखायला लागली तर ‘बसून बसून दुखत असेल’ असं म्हणून सोडू नका, एक्सरे काढा, मणका दबलेला असू शकतो.

ब्रेस डुशेनमध्ये नको. बाक थांबत नाही आणि आधीच कमी असलेला श्वास आणखी आवळला जातो. खुर्चीची बैठक चांगली करा.

आणि ५० ची वाट बघणं, हे मला सगळ्यात खटकलं. या वयात बाक वर जातोय आणि फुप्फुसांची क्षमता दर वर्षी खाली येतेय, त्यामुळे ऑपरेशन सुरक्षितपणे करता येण्याचा काळ मर्यादित असतो, तुम्ही ५० ची वाट बघत बसलात तर तोवर श्वासाची टेस्ट एवढी घसरलेली असेल की भूल देणारे डॉक्टर कपाळाला आठ्या घालतील. क्षमता अपेक्षित असते त्याच्या ३५ टक्क्यांच्या खाली गेली की जोखीम चढते. बायपॅपच्या (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) आधाराने त्याखालीही ऑपरेशनं होतात, पण मुद्दाम तिथवर कशाला न्यायचं? २० च्या पुढे गेलाय म्हणजे आताच कण्याच्या सर्जनला एकदा भेटून या. भेटणं म्हणजे ऑपरेशन नव्हे. दर सहा महिन्यांनी बसून एक्सरे, श्वासाची टेस्ट, हृदयाचा इको, हे तिन्ही कागद एकाच फाइलमध्ये.

ऑपरेशन ठरलंच तर भूलतज्ज्ञांना डुशेन हा शब्द स्वतः सांगा, फाइलमध्ये लिहिलंय यावर राहू नका. सक्सिनिलकोलिन हे इंजेक्शन आणि नाकातोंडाने द्यायचे भुलीचे वायू या मुलांना चालत नाहीत, शिरेतून द्यायची भूल वापरतात. अजून एक, जे कुणी आधी सांगत नाही: तुमचा मुलगा आत्ता घास तोंडात घालताना धड पुढे झुकवत असणार, कोपर टेबलावर टेकवून मान खाली आणत असणार. पाठ रॉडने सरळ झाली की हे झुकणं बंद, आणि ज्या हाताने तो काल जेवत होता तो आज तोंडापर्यंत पोचत नाही. टेबल उंच करणं, हाताला आधाराचा पट्टा लावणं याची सोय ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून आधी करून ठेवा.

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची, सीपी, वजन २४ किलो, बाक ८२. फिट्सचं औषध चालू. बसवली की दहा मिनिटांत कण्हते. सर्जन ऑपरेशन सुचवतात. नातेवाईक म्हणतात ती बोलत नाही चालत नाही, उगाच कशाला हाल. आमचाही निर्णय होत नाहीये.
– आई आणि बाबा

उत्तर: ‘बोलत नाही’ हे मला कारण वाटतच नाही. ती कण्हते, म्हणजे सांगतेय की.

या ऑपरेशनने ती चालणार नाही, बोलणार नाही, आणि फुप्फुसं फार सुधारतील असंही वचन कुणी देऊ नये. काय होतं तर कंबर सपाट होते, धड तिच्यावर सरळ बसतं, बरगडी हाडावर घासायची थांबते, ती जास्त वेळ बसू शकते आणि तुम्हाला तिला उचलणं, आंघोळ घालणं, भरवणं सोपं जातं. अशा मुलांच्या पालकांना नंतर विचारलं तर बहुतेकजण समाधानी असतात, आणि हे समाधान अडचणी होऊनही असतं. अडचणी होतातच, ते लपवत नाही. साध्या स्कोलिओसिसपेक्षा यात रक्त जास्त जातं, जखमेत इन्फेक्शन जास्त होतं कारण टाके डायपरच्या अगदी जवळपर्यंत येतात, न्यूमोनिया होतो, व्हेंटिलेटरवर काही दिवस जाऊ शकतात. आणि जीवही जाऊ शकतो, प्रमाण कमी असलं तरी शून्य नाही, हे सर्जनच्या तोंडून ऐकूनच सही करा.

ऑपरेशन म्हणजे मान संपते तिथल्या, पाठीच्या सगळ्यात वरच्या मणक्यांपासून थेट कमरेच्या हाडापर्यंत दोन रॉड. १९७० च्या दशकात मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणक्याला तार बांधून रॉड धरायची पद्धत आणली, त्यामुळे मुलांना महिनोन्महिने प्लास्टरमध्ये ठेवायची गरज उरली नाही. आता तारांच्या जागी बहुतेक ठिकाणी स्क्रू असतात. नंतर सगळे मणके एकमेकांना जुळून एकच हाड होतं.

पण तुमच्या पत्रात माझी नजर ८२ वर नाही, २४ किलोवर अडली. १४ व्या वर्षी २४ किलो म्हणजे जखम भरायला अंगात काही नाहीये. आधी काही महिने आहारतज्ज्ञाच्या हातात द्या, गिळताना ठसका लागत असेल तर पोटात नळी घालण्याचा विचार करा, त्यात कमीपणा काहीच नाही. व्हिटॅमिन डी तपासा. फिट्सचं औषध व्हॅलप्रोएट असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो, ते न्यूरॉलॉजिस्ट आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं, तुम्ही बंद करायचं नाही. दात किडलेले असतील तर आधी साफ, पोट साफ होत नसेल तर ते आधी मार्गी. सर्जनला विचारा की तुम्ही अशी, म्हणजे सीपीची, न चालणारी मुलं वर्षाला किती करता, लहान मुलांचा आयसीयू आहे का, ऑपरेशन चालू असताना नसांचं मॉनिटरिंग होतं का. उत्तर देताना चिडले तर दुसरीकडे विचारा. आणि घरी आल्यावर तिची जुनी खुर्ची चालणार नाही, धड सरळ झालं की बसल्यावर उंची बरीच वाढते, डोक्याचं टेकण मानेत रुततं, तेव्हा खुर्चीवाल्याची वेळ डिस्चार्जच्या आधीच घ्या.

हे सगळं ऐकून नको म्हणालात तरी तो हक्काचा निर्णय आहे. मग तिच्या अंगाच्या मापाची साच्यातली बैठक, मागे कलणारी खुर्ची, दुखण्यावर नीट औषध, छातीची काळजी, हे सगळं तितक्याच गांभीर्याने करायचं. काहीच न ठरवता दोन वर्षं घालवणं एवढंच करू नका, कारण ४०-५० च्या पुढचा बाक वाढ थांबल्यावरही सरकत राहतो आणि दिवसेंदिवस कडक होत जातो.

प्रश्न: मुलाला स्पायना बिफिडा, डोक्यात शंट (साचलेलं पाणी उतरवणारी नळी). चार महिन्यांत बाक १८ वरून ३४ झाला. वाढीचं वय म्हणून होत असेल ना?
– एक बाबा

उत्तर: नाही, एवढ्या पटकन झाला तर वाढीवर ढकलायचं नाही. मणक्यातली नस खाली चिकटून ताणली गेली असेल किंवा शंट अडकला असेल तरी बाक असा उसळतो. लघवी पूर्वीपेक्षा जास्त गळतेय का, पाय आणखी कमजोर झालेत का, डोकं दुखतं का, उलट्या होतात का बघा आणि याच आठवड्यात न्यूरोसर्जनला दाखवा, एमआरआय लागेल. डोकेदुखी, उलट्या, गुंगी असेल तर आजच. या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते, कुठेही तपासायला गेलात तर रबरी ग्लोव्हज नकोत असं आधी सांगा. आणि ब्रेस असेल तर रोज काढून कातडी बघा, त्याला टोचलेलं कळत नाही.

प्रश्न: मी ३१ वर्षांची. सहाव्या वर्षी अपघातात मणक्याला मार लागला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. पाठ वाकडी आहे पण आजवर कुणी लक्ष दिलं नाही. दोन वर्षांत डाव्या बैठकीवर जखम तिसऱ्यांदा झाली, ऑपरेशन करून कातडी लावली तरी परत. माझं वय बघता आता पाठीचं काही होईल का?
– वाचक

उत्तर: वयात येण्याआधी ज्यांना मणक्याची दुखापत होते त्या जवळजवळ सगळ्यांची पाठ नंतर वाकडी होते, तुमच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही याचा मलाच राग आला. जखम परत परत होतेय कारण कातडी नवी लावली तरी खालचं हाड त्याच जागी दाबतंय. कंबर डावीकडे खाली असणार.

पाठीचं ऑपरेशन या वयातही होतं, फक्त बाक कडक झालेला असल्याने जास्त अवघड होतं, आणि जखम उघडी असताना तर करतच नाहीत. म्हणून आधी बैठक. कुणाला तरी तुम्हाला झोपवून कंबर हाताने सरळ करून बघायला सांगा. सरळ होत असेल तर गादीत खाली गेलेल्या डाव्या बाजूला भर घालून ती वर उचलायची. होत नसेल, म्हणजे कंबर तशीच घट्ट बसली असेल, तर उलट करायचं, डावीकडे भर घातली तर सगळा दाब तिथेच येऊन जखम चिघळेल, तेव्हा उजव्या वर राहिलेल्या बाजूखाली भर भरून वजन दोन्हीकडे वाटून घ्यायचं. माझ्या अनुभवात ही चूक फार होते, खालची बाजू दिसली की तिथेच उशी. शक्य असेल तिथे प्रेशर मॅपिंग करून घ्या, सेन्सरची चटई गादीवर टाकतात आणि स्क्रीनवर कुठे किती दाब आहे ते रंगात दिसतं. जखम भरेपर्यंत तिच्यावर बसणं बंद, भरल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दोन मिनिटं दाब काढायचा, मोबाइलवर अलार्म लावा. ताप आला, जखमेला वास यायला लागला किंवा हाड दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि सीटिंग क्लिनिकला जाताना सध्याची गादी घेऊन जा, धुऊनपुसून नको, जशी आहे तशीच. ती कुठे चेपलीय ते त्यांना बघायचं असतं.